पॉल डेस्मंडचा अल्टो सॅक्सोफोन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘टेक फाइव्ह’ जॅझच्या जवळपास प्रत्येक श्रोत्याने ऐकलेलं असतं, आणि जॅझ न ऐकणाऱ्यांच्याही कानावरून ते कुठे ना कुठे गेलेलं असतं. ते रचणारा आणि त्यात सॅक्सोफोन वाजवणारा माणूस मात्र त्या एका चालीमागे झाकला गेला. त्याच्या रेकॉर्ड्स ऐकायला लागलेल्या मराठी श्रोत्यांना जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. रागसंगीत ऐकत वाढलेल्यांना सोयीचं जावं म्हणून जिथे खरोखर जुळतं तिथे आपली परिभाषा वापरली आहे.

पॉल डेस्मंड कोण होता?

अमेरिकन अल्टो सॅक्सोफोनवादक. जन्म २५ नोव्हेंबर १९२४, सॅन फ्रान्सिस्को. मृत्यू ३० मे १९७७, न्यूयॉर्क. जन्मनाव पॉल एमिल ब्रायटनफेल्ड. वडील मूकपटांना ऑर्गनची साथ करायचे, त्यामुळे घरात संगीत होतंच. शाळेत तो क्लॅरिनेट शिकला, अल्टो हातात घेतला १९४३ मध्ये. लष्कराच्या बँडमध्ये असताना १९४४ साली पियानोवादक डेव्ह ब्रुबेकशी गाठ पडली. पुढे १९५१ ते १९६७ या काळात हे दोघं ‘डेव्ह ब्रुबेक क्वार्टेट’ म्हणून जगभर वाजवत फिरले. डेस्मंड हे आडनाव आपण टेलिफोन डिरेक्टरीतून उचललं असं तो सांगायचा. त्या नावाचे इतर खुलासेही त्याने वेळोवेळी केले आहेत.

‘टेक फाइव्ह’ ब्रुबेकचं ना?

नाही. चाल डेस्मंडची आहे, नाव ब्रुबेकने दिलं, आणि पाचाचा ठेका ड्रमर जो मॉरेलोचा. मॉरेलोला पाच मात्रांत खेळायची हौस होती. त्या ठेक्यावर काहीतरी लिही, असं डेस्मंडला सांगण्यात आलं. तो दोन सुट्या सुरावटी घेऊन आला. त्या एकमेकींना कशा जोडायच्या हे ब्रुबेकने सुचवलं, आणि एकीचा मुखडा झाला, दुसरीचा मधला भाग.

१ जुलै १९५९ रोजी न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत ती ध्वनिमुद्रित झाली. निर्माता टिओ मासेरो, बासवर यूजीन राइट. डेस्मंडला तिच्याकडून काहीच अपेक्षा नव्हती. एका क्षणी वापरलेल्या इलेक्ट्रिक रेझरच्या बदल्यात तिचे सगळे हक्क देऊन टाकायला मी तयार होतो, असं तो नंतर सांगत असे. १९६१ मध्ये तिची सिंगल (एकेका चालीची छोटी रेकॉर्ड) अमेरिकेतल्या बिलबोर्ड नियतकालिकाच्या यादीत पंचविसाव्या क्रमांकापर्यंत चढली, आणि ज्या अल्बममध्ये ती आहे तो ‘टाइम आउट’ पॉप अल्बमांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. वाद्यसंगीताच्या, त्यातही विषम मात्रांच्या जॅझ रेकॉर्डच्या बाबतीत हे अगदी दुर्मीळ होतं.

पाच मात्रा म्हणजे झपतालासारखंच की काय?

हिशोब जवळचा आहे, चलन वेगळं आहे. झपतालाच्या दहा मात्रा दोन-तीन-दोन-तीन अशा पडतात. ‘टेक फाइव्ह’मध्ये आधी तीन येतात आणि मग दोन. टाळीने धरून पाहा, पियानोचा तुकडा तुम्हाला स्वतःच सांगेल की वजन कुठे आहे.

या रचनेत आपल्या कानाला खरी ओळखीची वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे. मधला भाग सोडला तर ब्रुबेक तो एकच तुकडा वाजवत राहतो. डेस्मंडचा सोलो संपून मॉरेलो ड्रमवर येतो तेव्हाही पियानो हलत नाही. तबल्याच्या सोलोला लेहरा धरतात, त्यातलं हे नातं आहे. मॉरेलो आपला हिशोब कितीही लांब नेतो, कारण पाच मात्रांची जागा दुसरं कोणीतरी राखून आहे.

सुरांचं म्हणाल तर रचना काळी दोनमध्ये आहे. काळी दोनचा षड्ज धरलात तर मुखड्याची चढण मंद्र पंचमापासून सुरू होते : प, सा, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, प. दोन्ही मध्यम लागून आल्यामुळे ब्लूजचा, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या जुन्या गायकीचा, रंग उतरतो. मधल्या भागात चाल मेजरकडे वळते आणि चेहरा एकदम उजळतो. डेस्मंडचा सोलो मात्र या मधल्या भागाकडे जातच नाही. दोन कॉर्डच्या (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले सूर) त्या एका तुकड्यावरच तो बांधलेला आहे, म्हणून रागविस्तार ऐकणाऱ्याला त्यात शिरणं सोपं जातं.

तरीही, डेस्मंडचं सर्वोत्तम काम ते हे नव्हे. बदलत्या कॉर्ड समोर असल्या की त्याचं डोकं जास्त चालतं, हे पुढच्या उत्तरांत येईलच.

त्याचा आवाज इतर सॅक्सोफोनपेक्षा इतका वेगळा का लागतो?

आपल्याकडे अल्टो सॅक्सोफोनची ओळख बहुतेकांना हिंदी चित्रपटगीतांतून झाली. मनोहारी सिंग यांचा भरघोस, गायकीच्या अंगाचा, रुंद कंप असलेला स्वर आपल्या कानात इतका मुरलेला आहे की सॅक्सोफोन म्हणजे तसाच, असं आपण धरून चालतो. त्या कानाने डेस्मंड पहिल्यांदा ऐकला तर तो हातचं राखून वाजवतोय असं वाटण्याची शक्यता आहे. दोन-तीनदा ऐका.

त्याचा स्वर हलका आहे, पारदर्शक आहे, कंप अगदी थोडा. सुराची सुरुवात जिभेच्या ठोक्याने होत नाही, तो आधीपासूनच तिथे होता आणि आता आपल्याला ऐकू आला, असं काहीसं जाणवतं. आपला आवाज ड्राय मार्टिनीसारखा असावा असं मनात कुठेतरी होतं, असं तो म्हणाला होता. हे वाक्य इतकं गाजलं की त्याच्याबद्दलचं बहुतेक लेखन तिथेच थांबतं. त्या वाक्यातून गोडवा बेताचा ठेवण्याचा त्याचा आग्रह कळतो, एवढंच. सुरातली आर्तता त्यातून कळत नाही, आणि ती तर भरपूर आहे.

क्लॅरिनेटवर घडलेला हात, हे एक कारण. अल्टोचे वरचे सूर बहुतेक वादकांकडे तीक्ष्ण होतात, ओरडतात. डेस्मंड वर जातो तसा अधिक हलका होतो. वाद्याच्या नेहमीच्या कळांच्या पलीकडचे अतितार सूरही तो असे ठेवतो की ते अवघड आहेत हे फक्त सॅक्सोफोन वाजवणाऱ्यालाच कळावं. सेल्मरचा सॅक्सोफोन आणि ग्रेगरीचं माउथपीस तो वापरायचा. ते मिळवून त्याचा आवाज आपल्याला काढता येईल अशी आशा अनेकांनी बाळगली. तो आवाज फुंकीत होता, ओठांच्या पकडीत होता, आणि मुख्य म्हणजे कानात होता.

त्याला जलद वाजवता येत नव्हतं का?

हा समज त्यानेच पसरवला. जगातला सर्वांत संथ अल्टोवादक म्हणून मला अनेक बक्षिसं मिळाली, १९६१ मध्ये शांतपणाबद्दल खास पारितोषिकही मिळालं, असं तो आपल्याबद्दल लिहून गेला आहे. लोकांनी ते खरं धरलं.

ओहायोतल्या ओबरलिन कॉलेजात २ मार्च १९५३ रोजी झालेल्या मैफलीची रेकॉर्ड काढा, ‘जॅझ अ‍ॅट ओबरलिन’. त्यातलं ‘द वे यू लुक टुनाइट’ ऐका. लय चढी आहे, विद्यार्थी ओरडतायत, आणि डेस्मंड धावत्या लयीत एकामागून एक अशा लांब ओळी रचतोय की मध्ये श्वास कधी घेतला याचा पत्ता लागत नाही. तयारी होती. तिचं प्रदर्शन मांडण्यात त्याला रस नव्हता.

त्याच्या सोलोत नेमकं ऐकायचं काय?

उपज. ही सगळी पानं वाचायला वेळ नसेल तर एवढं एक उत्तर वाचा.

जॅझमध्ये बहुतेकदा एखादं जुनं गाणं घेतात. त्याच्या कॉर्डचं, समजा ३२ बारचं (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट, बहुधा चारांचा), एक आवर्तन असतं, त्याला कोरस म्हणतात. मूळ चाल एकदा वाजवून झाली की त्याच आवर्तनावर वादक नवी सुरावट रचतो, आवर्तन पुन्हा पुन्हा फिरत राहतं. इथे दोन प्रकारचे वादक भेटतात. एकाकडे तयार तुकड्यांचा मोठा साठा असतो, तो वेगाने आणि चपखलपणे बसवत जातो. दुसरा आत्ता वाजवलेल्या तुकड्याकडे पाहून पुढचा ठरवतो. डेस्मंड दुसऱ्या प्रकारातला, आणि त्या प्रकारातही फार वरचा.

तो चार-पाच सुरांचा एक छोटा तुकडा टाकतो. मग तोच एक पायरी वर. मग आणखी एक पायरी वर, पण या वेळी शेपूट बदललेलं. चौथ्यांदा तुम्ही त्याची वाट पाहता आणि तो तुकडा उलटा येतो, किंवा येतच नाही, तिथे मोकळी जागा असते. ख्यालात एखादी स्वरसंगती घेऊन गायक तिला वेगवेगळ्या बाजूंनी न्याहाळत बढत करतो, तोच हा विचार. फरक इतकाच की डेस्मंडच्या पायाखालचे कॉर्ड दर दोन-चार मात्रांनी बदलतायत, आणि त्या प्रत्येक बदलात तुकड्याचा एखादा सूर हलवावा लागतो. तो हलवतो, आणि तुकड्याची ओळख पुसली जात नाही.

दुसरी गोष्ट, तो स्वतःशीच सवाल-जवाब करतो. खालच्या सप्तकात प्रश्न विचारतो, वरच्या सप्तकात हलक्या आवाजात उत्तर देतो. डोळे मिटून ऐकलं तर दोन माणसं बोलतायत असं वाटतं. आवर्तन संपतं तिथे ओळ संपतच नाही, बऱ्याचदा तो विचार पुढच्या कोरसमध्ये ओढून नेतो, त्यामुळे जोड दिसत नाही.

तिसरी गोष्ट, दुसऱ्यांच्या चालींचे तुकडे. मधूनच कुठल्याशा लोकप्रिय गाण्याची ओळ येते, कधी पाश्चात्त्य अभिजात संगीतकार स्ट्राविन्स्की डोकावतो. ते ओळखता आले तर मजा आहे, नाही आले तरी काही बिघडत नाही, कारण तो ते इतक्या बेमालूमपणे मुरवतो की सोलोची वीण उसवत नाही.

हे सगळं एका जागी ऐकायचं असेल तर मार्च १९५८ मध्ये कोपनहेगनला ध्वनिमुद्रित झालेलं ‘टँजरीन’ ऐका. आणि ‘जॅझ गोज टू कॉलेज’ या १९५४ च्या अल्बममधलं ‘बाल्कनी रॉक’, जो साधा बारा बारचा ब्लूज आहे. त्यात डेस्मंड एका कोरसमधून पुढच्यात जाताना आवाज न वाढवता ताण कसा वाढवतो ते पाहा. ऑड्री हेपबर्नवरून नाव दिलेलं ‘ऑड्री’ हे त्याच वर्षातलं, संथ, आणि माझ्या मते त्याच्या छोट्या कामांत सर्वांत निर्दोष.

चार्ली पार्करच्या तुलनेत तो कुठे बसतो?

तुलना करून फारसं हाती लागत नाही, पण प्रश्न वाजवी आहे. चाळिशीच्या दशकाच्या शेवटी अल्टो हातात घेणारा जवळपास प्रत्येक तरुण पार्करची, त्या काळातल्या सर्वांत प्रभावी अल्टोवादकाची, नक्कल करत होता. इतक्या मोठ्या प्रतिभेच्या शेजारी दुसरं काय करणार? डेस्मंडने ठरवून ती वाट सोडली. टेनरवादक लेस्टर यंग, एलिंग्टनच्या वाद्यवृंदातला जॉनी हॉजेस, आणि आज फारसं कोणी नाव घेत नाही तो पीट ब्राउन, यांच्याकडून त्याने घेतलं. त्याच सुमारास अल्टोवादक ली कोनिट्झही पार्करपासून अंतर राखून स्वतःचा रस्ता काढत होता.

याचा अर्थ त्याला पार्करबद्दल आदर कमी होता असा नाही. १९५४ मध्ये बॉस्टनच्या रेडिओवर डेस्मंडने पार्करची मुलाखत घेतली, ती उपलब्ध आहे आणि जरूर ऐकावी. इतकी तयारी कुठून आली, असं तो अगदी शिष्यभावाने विचारतो. आपण तीन-चार वर्षं रोज अकरा ते पंधरा तास रियाज केला, असं पार्कर सांगतो. प्रतिभा म्हणजे आकाशातून पडलेली देणगी असं मानणाऱ्यांसाठी हे उत्तर मोलाचं आहे. पुढच्याच वर्षी, १९५५ च्या मार्चमध्ये, पार्कर गेला.

ब्रुबेक आणि डेस्मंड यांचे स्वभाव इतके वेगळे, मग जमलं कसं?

सुरुवातीला जमलंच नाही. डेस्मंडने एकदा आपल्या हाती आलेलं काम घेतलं आणि ब्रुबेकला बाहेर ठेवलं. ब्रुबेकच्या घरी तेव्हा लहान मुलं होती, हातात पैसा नव्हता. पुढे ब्रुबेकच्या त्रिकुटाचं नाव झालं, डेस्मंडने ते रेडिओवर ऐकलं आणि परत यायची इच्छा धरली. ब्रुबेक नाराज होता, पण अखेर करार झाला : ब्रुबेक त्याला काढू शकणार नाही, नेतेपद ब्रुबेककडेच राहील, आणि नफ्याचा पाचवा हिस्सा डेस्मंडला मिळेल.

संगीतात त्यांच्या वेगळेपणाचा फायदाच झाला. ब्रुबेक दोन्ही हातांनी जाड, ठोस कॉर्ड ठोकणारा. डेस्मंड बारीक रेघेने काढणारा. त्या भिंतीसमोर ती रेघ उठून दिसते. सोलो संपता संपता दोघं एकमेकांच्या ओळींत ओळी गुंफायला लागतात तेव्हा बाखच्या संगीताची आठवण होते, आणि ते सगळं जागच्या जागी घडलेलं असतं. ब्रुबेकच्या पियानोवर अनेक समीक्षकांनी सडकून टीका केली आहे, त्यातली काही रास्तही आहे. पण डेस्मंडला ऐकून, त्याच्या तुकड्याला तत्काळ प्रतिसाद देणारा साथीदार म्हणून ब्रुबेकला द्यायला हवं तेवढं श्रेय मिळालेलं नाही.

तो कधी भारतात आला होता का?

हो, १९५८ मध्ये. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने हे क्वार्टेट पोलंड, तुर्कस्तान असं करत पूर्वेकडे पाठवलं होतं, त्या दौऱ्यात मुंबई, दिल्ली, मद्रास, कलकत्ता ही शहरं होती. मुंबईत सतारवादक उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवण्याचा योग आला. जाफरखानी बाजाची लयकारी ऐकून ब्रुबेक भारावला होता. मद्रासला मृदंगमवादकांची आणि मॉरेलोची गाठ पडली, विषम मात्रांत रमणाऱ्या ड्रमरसाठी ती मोठीच पर्वणी.

परतल्यावर त्याच वर्षी ‘जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया’ निघाला. त्यात ‘कलकत्ता ब्लूज’ आहे, मॉरेलो तिथे काठ्या बाजूला ठेवून बोटांनी ड्रम वाजवतो. राग ऐकायला मिळेल या अपेक्षेने जाऊ नका, तो नावाप्रमाणे ब्लूजच आहे. दौऱ्याचं खरं फळ पुढच्या वर्षी ‘टाइम आउट’मध्ये आलं. ‘ब्लू राँडो अ ला तुर्क’मधला दोन-दोन-दोन-तीन असा नऊचा ठेका ब्रुबेकने तुर्कस्तानातल्या रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकला होता. त्या खडबडीत नऊतून डेस्मंड सरळ चार मात्रांच्या ब्लूजमध्ये उतरतो ती जागा ऐकाच.

ब्रुबेकशिवाय केलेल्या कोणत्या रेकॉर्ड्स महत्त्वाच्या?

माझ्या लेखी अस्सल डेस्मंड इथेच आहे. क्वार्टेटमध्ये तो असला तर रेकॉर्ड चांगली होते. स्वतःच्या रेकॉर्ड्समध्ये सगळी खोलीच त्याच्या आवाजाला जुळवून घेतलेली असते.

ब्रुबेकशी असलेल्या समजुतीमुळे त्याने आपल्या रेकॉर्ड्सवर दुसरा पियानोवादक घेतला नाही. या बंधनाने श्रोत्यांचं भलं केलं. बॅरिटोन सॅक्सोफोनवाल्या जेरी मलिगनबरोबर त्याने १९५७ मध्ये एक आणि १९६२ मध्ये ‘टू ऑफ अ माइंड’ असे अल्बम केले, दोन्हींत पियानो नाही, गिटारही नाही. कॉर्ड वाजवणारं कोणी नसल्यामुळे दोन सॅक्सोफोन एकमेकांच्या ओळींतूनच स्वरसंगती उभी करतात. जाड आणि बारीक आवाजांची ही जुगलबंदी आहे, पण कुरघोडीची नाही. ‘टू ऑफ अ माइंड’मधलं ‘ऑल द थिंग्ज यू आर’ ऐकताना कोण कोणाला साथ करतोय हे दर काही मात्रांनी बदलतं.

मग जिम हॉल. हा गिटारवादक कमी सूर वाजवण्यात डेस्मंडचा भाऊच. १९५९ च्या ‘फर्स्ट प्लेस अगेन’पासून ही जोडी जमली. आरसीए या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेले ‘टेक टेन’, ‘बोसा अँटिग्वा’, ‘ग्लॅड टू बी अनहॅपी’, ‘ईझी लिव्हिंग’ हे चार अल्बम १९६३ ते १९६६ या काळात निघाले. ड्रमवर बहुतेक वेळा मॉडर्न जॅझ क्वार्टेटचा कॉनी के, जो झांजेवर इतका हळू वाजवतो की लय आपल्याला ऐकू येण्याआधी जाणवते. ‘ग्लॅड टू बी अनहॅपी’ सबंध संथ गाण्यांचा आहे. एका बैठकीत ऐकलात तर एकसुरी वाटेल, रोज एक गाणं ऐकलंत तर प्रत्येकात वेगळं काही सापडेल. ‘बोसा अँटिग्वा’ हा ब्राझीलच्या बोसा नोव्हाच्या अंगाने जाणारा. ती लय डेस्मंडच्या हलक्या स्वराला जन्मजात शोभते.

व्हायोलिनच्या ताफ्याबरोबरच्या आणि साठच्या दशकाच्या अखेरीपासूनच्या सजवलेल्या रेकॉर्ड्स घ्याव्यात का?

‘डेस्मंड ब्लू’ जरूर, कारण तिथेही जिम हॉल आहे. ‘समरटाइम’, ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’, ‘स्कायलार्क’ सावकाशीने. डेस्मंड त्यांत उत्तमच वाजवतो, भोवतालची सजावट जास्त आहे. त्याच काळातला जिम हॉलचा ‘कॉन्सिएर्तो’, १९७५ चा, मात्र सोडू नका. त्यात डेस्मंडबरोबर ट्रंपेटवर चेट बेकर आहे.

टोरांटोच्या रेकॉर्डिंगची एवढी वाखाणणी का होते?

डिसेंबर १९६७ मध्ये क्वार्टेट मोडलं आणि डेस्मंडने वाजवणं फार कमी केलं. पुढे जिम हॉलने त्याला कॅनडातल्या एड बिकर्ट या गिटारवादकाचं नाव सुचवलं. बिकर्ट टेलिकास्टर वाजवायचा, ज्या गिटारचा जॅझशी सहसा संबंध जोडला जात नाही, आणि तिच्यातून पियानोसारखे भरलेले, मऊ कॉर्ड काढायचा. न्यूयॉर्कला ‘प्युअर डेस्मंड’ या अल्बमवर दोघं एकत्र आले. त्यात हॉजेसची ओळख बनलेलं एलिंग्टनचं ‘वॉर्म व्हॅली’ डेस्मंडने वाजवलंय. हॉजेस सुरांना मींड देत ओथंबून वाजवायचा, डेस्मंड तीच चाल जवळजवळ न सजवता मांडतो. दोन्ही लागोपाठ ऐकून पाहा.

१९७५ मध्ये टोरांटोच्या ‘बोर्बन स्ट्रीट’ क्लबात बिकर्ट, बासवर डॉन थॉम्पसन आणि ड्रमवर जेरी फुलर असा संच बसला. ध्वनिमुद्रण थॉम्पसननेच केलं. ‘द पॉल डेस्मंड क्वार्टेट लाइव्ह’ हा त्यातून आलेला अल्बम. इथे मोठ्या सभागृहाचा दबाव नाही, प्रसिद्ध नेता नाही. एकेका गाण्याला हवा तेवढा वेळ आहे. त्याची स्वतःची ‘वेंडी’ ही रचना घ्या : कोरस मागून कोरस जातात आणि एकही तुकडा वाया गेलेला नाही. ‘टेक फाइव्ह’ही आहे, पियानोच्या त्या प्रसिद्ध तुकड्याचं ओझं उतरल्यामुळे त्यातून तो वेगळ्याच वाटांनी जातो. पन्नाशीतला डेस्मंड तिशीतल्यापेक्षा कमी सूर वाजवतो आणि जास्त सांगतो. २०२० मध्ये या मैफलींचा मोठा संच मोझेइक कंपनीने काढला. ज्याला खोलात जायचंय त्याने तो मिळवावा.

‘कूल जॅझ’ (डेस्मंडसारख्यांच्या शांत, हलक्या शैलीला दिलेलं नाव) म्हणजे भावना नसलेलं, गोऱ्यांचं, कॉलेजातलं संगीत, अशी टीका वाचली. खरी का?

टीकेमागे एक खरं दुखणं आहे. जॅझ ही कृष्णवर्णीय अमेरिकनांची निर्मिती, आणि पन्नासच्या दशकात प्रसिद्धी व पैसा गोऱ्या वादकांकडे लवकर गेला. हे नाकारता येत नाही. याच क्वार्टेटचा बासवादक यूजीन राइट कृष्णवर्णीय होता म्हणून दक्षिणेतल्या कॉलेजांनी कार्यक्रम नाकारले, आणि ब्रुबेकने राइटला बदलायला नकार देऊन ते पैसे सोडले, ही गोष्टही त्याच इतिहासाचा भाग आहे.

भावना नसण्याचा आरोप मात्र कान देऊन ऐकणाऱ्यासमोर टिकत नाही. जोराने वाजवलं म्हणजे मनापासून, हळू वाजवलं म्हणजे कोरडं, असं संगीतात कुठेच नसतं. प्रयोगशील संगीतासाठी ओळखला जाणारा कृष्णवर्णीय सॅक्सोफोनवादक अँथनी ब्रॅक्स्टन आपल्यावरच्या संस्कारांत डेस्मंडचं नाव आवर्जून घेतो. त्याला त्या ओळींतला विचार ऐकू आला होता.

तो लेखकही होता असं म्हणतात?

व्हायचं होतं. कॉलेजात साहित्य शिकला, आपल्या अल्बमांच्या पाठीमागचा मजकूर स्वतः लिहायचा आणि तो अतिशय सुरेख असायचा. ब्रुबेक क्वार्टेटच्या दिवसांवर पुस्तक लिहिणार होता. त्यातलं एकच प्रकरण १९७३ मध्ये ‘पंच’ या ब्रिटिश नियतकालिकात छापून आलं. पुस्तक कधी झालंच नाही, आणि हे मोठं नुकसान आहे.

‘टेक फाइव्ह’चे पैसे कोणाला जातात?

आपल्या रचनांची रॉयल्टी त्याने मृत्युपत्रात अमेरिकन रेड क्रॉसला दिली. त्याचा बाल्डविन पियानो न्यूयॉर्कच्या ‘ब्रॅडलीज’ या क्लबाला गेला, तिथे पुढे अनेक उत्तम पियानोवादकांनी तो वाजवला. फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला तेव्हा ५२ वर्षांचा होता. फेब्रुवारी १९७७ मध्ये न्यूयॉर्कला तो शेवटचा ब्रुबेकबरोबर रंगमंचावर आला होता.

सुरुवात कुठून करावी?

‘टाइम आउट’ घरात असेलच. त्यातलं ‘टेक फाइव्ह’ सोडून ‘स्ट्रेंज मेडो लार्क’ लावा. पियानोचा लांब प्रवेश संपून डेस्मंड येतो तिथपर्यंत धीर धरा. मग ‘ऑड्री’, मग ‘टू ऑफ अ माइंड’, मग ‘बोसा अँटिग्वा’, आणि टोरांटो शेवटी. ओबरलिन कधीही ऐका, पण आवाज मोठा ठेवून. ही सगळी नावं स्ट्रीमिंगवर सहज मिळतात. एकच सूचना, ‘बेस्ट ऑफ’ छापाच्या संकलनांपासून दूर राहा, त्यांत सोलो कापलेले असण्याची शक्यता असते. ‘टेक फाइव्ह’चीच सिंगल अल्बममधल्या सव्वापाच मिनिटांहून मोठ्या रूपापेक्षा बरीच छोटी आहे.

मी अल्टो शिकतोय. डेस्मंडचं काही बसवायचं असेल तर?

आधी पट्टीचा घोळ मिटवा. अल्टो सॅक्सोफोनवर पांढरी एकचं बोट धरलं की प्रत्यक्षात काळी दोन ऐकू येते. म्हणून रेकॉर्डवर काळी दोनमध्ये असलेलं ‘टेक फाइव्ह’ अल्टोच्या नोटेशनमध्ये सी मायनर म्हणून लिहिलेलं दिसेल. नोटेशन चुकलेलं नाही. पेटीवर किंवा कीबोर्डवर साथ करणाऱ्याला काळी दोन सांगा आणि तुम्ही तुमचं सी मायनर वाजवा.

मग सोलो लगेच वाद्यावर काढू नका, आधी गाऊन पाठ करा. डेस्मंडचे सोलो गाता येतात, ती त्यांची खूण आहे. ‘ऑड्री’ यासाठी उत्तम. गाताना प्रत्येक तुकड्यानंतर थांबून पाहा की पुढचा तुकडा त्यातलं काय घेऊन निघालाय. वाद्यावर आलात की लांब सूर अगदी कमी आवाजात धरायचा सराव करा, सूर न थरथरता आणि न घसरता. जोरात वाजवताना लपणारे फुंकीचे सगळे दोष तिथे उघडे पडतात. मधल्या सप्तकात हे नीट जमल्यावरच वरच्या सुरांकडे जा, आणि मेट्रोनोम पाचावर लावण्याआधी चारावर.